एका गुणाने पुढे

"आपण पुढं आहोत," सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

मला ती चेष्टाच वाटली. मैदानाच्या टोकाला एक काळी फळी होती, तिच्यावर आकड्यांचे पत्रे टांगत. मला तेव्हा आकडा ओळखता येत नव्हता. सामना कुठं चाललाय ते मी सुशीलाबाईंच्या तोंडाकडे बघून समजून घ्यायची. दोन वर्षं शेवटच्या पाच मिनिटांत त्यांचं तोंड एकाच तऱ्हेचं व्हायचं. शेजारच्या घरातलं भांडण ऐकू येतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवायचंय, तसं.

"कितीनं?" मी विचारलं.

"एकानं."

"एक म्हणजे काहीच नाही मग."

"एक म्हणजे एक असतो, तिम्मव्वा. सामना संपत आलाय आणि आपण पुढं आहोत, असं कधी झालं होतं का? सांग बरं."

नव्हतं झालं. आमचा संघ म्हणजे मिरजेजवळच्या एका पंपांच्या कारखान्याचा बास्केटबॉलचा संघ. खेळाडूंना पगार मिळायचा तो खेळण्याचाच, दुसरं काम नसायचं. राहायला कारखान्याच्या चाळीत एकेक खोली. आधीच्या काळी हा संघ मोठा होता म्हणे, मोठ्या साहेबांच्या कचेरीत चषकांचं कपाट भरलं होतं. मग त्या सगळ्या खेळाडूंचं एकदमच वय झालं. तेव्हा सातपुते सरांनी त्या सगळ्यांना निरोप दिला आणि नवी पोरं जमवली. एक तालमीतला, दोन कॉलेजातले, एक लष्करातून आलेला, सुशीलाबाईंचा नवरा विलास इंगवले, आणि माझे मालक, दुर्गाप्पा विटकर. विलास सगळ्यांत बुटका, माझे मालक सगळ्यांत उंच. दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागायची.

सरांनी मोठ्या साहेबांकडे तीन वर्षं मागितली होती. पहिल्या वर्षी हरू, दुसऱ्या वर्षी जरा कमी हरू, तिसऱ्या वर्षी बघा, असं म्हणाले होते. आता दुसरं वर्ष संपत होतं आणि अजून एकही सामना जिंकला नव्हता. आठवड्याआधी साहेबांनी सरांना बोलावून सांगितलं, एक तरी जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी संघ नाही. हा शेवटचा सामना होता. साहेब स्वतः बघायला आले होते, समोर टेबल, टेबलावर चहा.

संघ बंद झाला तर सुशीलाबाईंना काही फार नव्हतं. विलासच्या भावाचं मिरजेत सायकलचं दुकान होतं. आम्हांला मात्र परत दगडाची खाण होती.

सरांना मालक सापडले ते खाणीतच. सर कारखान्याच्या कुंपणासाठी दगड बघायला आले होते. मालक सुरुंगांच्या वाती पेटवून पळत वर आले, आणि जो कडा बाकीचे दोन्ही हात टेकून चढायचे तो ते दोन ढांगांत चढून आले. मागं स्फोट होत होते आणि सर मालकांच्या पायांकडे बघत होते. मुकादमाला म्हणाले, "हा माणूस मला द्या." तायप्पा मुकादम हसला. म्हणाला, "घेऊन जावा, पर जेवतो लई."

त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा दीर बाळाप्पा त्याच खाणीत गेला होता. वाती त्यानंच लावल्या होत्या. एक सुरुंग उडाला नाही. न उडालेल्या सुरुंगाला आम्ही मुका म्हणायचो. ज्यानं वात पेटवली त्यानंच मुका बघायला जायचं, अशी खाणीची रीत. बाळाप्पा खाली उतरला, वाकला, आणि मग तो उडाला. मी तेव्हा वर खडी फोडत बसले होते. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही.

म्हणून दोन वर्षं प्रत्येक हरलेला सामना मला खाणीच्या वाटेवरचं एक पाऊल वाटायचा. पण हरण्याच्या भीतीची मला सवय झाली होती. त्या संध्याकाळी पुढं असल्याची भीती बसली ती नवी होती, आणि ती कुठं ठेवावी हे मला कळेना. मी पदराचं टोक तोंडात धरून बसले.

"किती वेळ राहिलाय?"

"टेबलावरच्या माणसानं घड्याळ हातात घेतलंय बघ. म्हणजे थोडाच." सुशीलाबाईंचा आवाज चिरका झाला होता. "चेंडू त्यांच्याकडं आहे. पण लांब आहे. आता तिथून काही होत नाही. तिथून कुणाचा पडतो का."

मला खेळ पुरता कळत नसला तरी एक गोष्ट मी दोन वर्षं बघून शिकले होते. आम्ही कायम मागं असायचो, म्हणून शेवटच्या मिनिटाला सर कडेला उभे राहून ओरडायचे, "धर. धर त्याला." मग आमच्यातला कुणीतरी चेंडूवाल्या गड्याला जाऊन धरायचा. पंच शिट्टी मारायचा, घड्याळ थांबायचं, त्या गड्याला मोकळे दोन फ्री थ्रो मिळायचे. त्याचे चुकले तर चेंडू आपला, आणि वेळ तर वाचलेलाच. हरणाऱ्याला वेळ लागतो, म्हणून हरणाऱ्यानं तो असा थांबवायचा. धरायचं काम मालकांचं होतं. त्यांचे हात लांब, त्यांच्या मिठीतून कुणी सुटत नसे. सर रोज सकाळी त्याचा सराव घ्यायचे.

समोरच्या गड्यानं आमच्याकडे पाठ केली होती. चेंडू जमिनीवर आपटत तो आपल्या माणसांना शोधत होता. कुणी मोकळं नव्हतं. विलास हात पसरून उभा होता, सगळे आपापल्या जागी उभे होते. टेबलावरच्या माणसानं दुसरा हात वर केला, म्हणजे वेळ संपतच आला होता.

मालक धावले. दोन ढांगांत तिथं पोचले, आणि मागून त्या गड्याला त्यांनी दोन्ही हातांनी मिठी घातली, अगदी जसं शिकवलं होतं तसं.

शिट्टी वाजली. घड्याळ थांबलं.

मालकांनी त्याला सोडलं आणि सरांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर हसू होतं. काम बरोबर झालं की त्यांच्या तोंडावर यायचं तसंच. मग त्यांना सरांचं तोंड दिसलं. मग विलासचं. मग ते फळीकडे वळले. त्यांनाही आकडे माझ्याएवढेच कळायचे, पण आपण पुढं होतो हे सगळ्यांच्या तोंडांवरून तेव्हा त्यांना कळलं असावं. ते हसू कुठं गेलं ते मला बघवलं नाही.

त्या गड्यानं दोन्ही फ्री थ्रो टाकले. दोन्ही जाळीत पडले, आणि आम्ही एका गुणानं मागं गेलो. सामना संपला.

गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "दुर्गाप्पा, अरे घरी बायको हाय की मिठी मारायला." लोक हसले. माझ्या आजूबाजूचे मला ओळखत होते, ते हसले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

आम्ही चाळीत आलो तोवर दिवस मावळला नव्हता. वाटेत विलास आमच्याबरोबर चालत होता. खोलीच्या दाराशी आल्यावर तो म्हणाला, "दुर्गाप्पा, अरे, आपण पुढं होतो."

रागानं नाही म्हणाला. त्याला अजून खरं वाटत नव्हतं, एवढंच. मालकांनी मान हलवली आणि वाकून आत गेले.

मी भाकरी वाढली. त्यांनी अर्धी खाल्ली. आमची रेणू तेव्हा तीन वर्षांची होती, ती त्यांच्या मांडीवर चढली आणि त्यांच्या बोटांशी खेळत बसली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सर म्हणायचे, शेवटाला धर."

"म्हणायचे की."

"धरला."

"धरलात."

एवढंच आमचं बोलणं झालं.

सकाळी मी उठले तर अंथरूण रिकामं. दाराशी त्यांचे कॅनव्हासचे बूट होते, कारखान्यानं दिलेले, बाजारात त्यांच्या मापाचे मिळत नव्हते म्हणून मुद्दाम करवून घेतलेले. एकाला एक लावून, नाडी आत खोचून ठेवलेले. टायरच्या चपला नव्हत्या. त्या चपला त्यांनी दोन वर्षं पायात घातल्या नव्हत्या. मला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. मी चूल पेटवली होती ती तशीच राहिली. रेणूला उचलून सुशीलाबाईंच्या दारात नेलं.

"कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

"खाणीत."

"देवा," एवढंच म्हणून त्यांनी रेणूला माझ्या कडेवरून घेतलं.

मी रस्त्याला लागणार तोच सातपुते सर सायकलवरून आले. पन्नाशीचे गृहस्थ, उंच, वाळलेले, नेहमी इस्त्रीची पँट. त्या दिवशी पँटला इस्त्री नव्हती.

"दुर्गाप्पा आहे का?"

"न्हाईत. खाणीत गेलेत."

त्यांनी सायकल वळवून धरली. मग म्हणाले, "बसा मागं."

"सर, लोक काय म्हणतील."

"लोक काल जे म्हणाले त्याहून वाईट आज काही म्हणणार नाहीत. बसा."

मी मागं बसले, एका हातानं सीटचा लोखंडी गज धरून. खाण चार मैलांवर होती. चढ लागला की सर धापा टाकायचे, पण उतरत नव्हते. तसंच बोलत होते, मागं न बघता.

"बाई, मोठे साहेब सामना कधीच पूर्ण बघत नाहीत. अर्ध्यातून उठतात. काल उठले नाहीत. सामना झाल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, तो पोरगा चुकला नाही, त्याला मी जे शिकवलं ते त्यानं केलं, मला काढा. ते म्हणाले, सातपुते, सामना बघता बघता माझा चहा पुढ्यात तसाच गार झाला की हो. दोन वर्षांत पहिल्यांदा. जा, तिसरं वर्ष घ्या."

"म्हंजे संघ राहिला?"

"राहिला."

मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी सीटचा गज आणखी घट्ट धरला. इतके दिवस मी ज्याला भीत होते ते टळलं होतं, आणि ते टळलं हे ज्यांना कळायला हवं होतं ते नेमके तिथंच निघाले होते. आता त्यांना काही झालं असतं तर ते उगाच झालं असतं. खोली असताना, पगार असताना, काहीही कारण नसताना.

"सर, जरा लवकर."

"चालवतोय, बाई."

खाणीच्या अलीकडे रस्त्यावर लाल फडकं घेऊन माझी चुलतसासू दुर्गम्मा बसली होती. सुरुंग लावले की ती माणसं अडवायची. तोंडात पान होतं.

"आलीस व्हय गं," ती म्हणाली. "ह्यो कोण?"

"मास्तर हाईत. आत्ती, आत कोण हाय?"

"तुझाच. दुसरं कोण. सकाळीच आला. तायप्पा म्हनला, बाजिंदा परत आला." तिनं पानाची पिंक टाकली. "चार वाती लावल्यात. मागं व्हा."

एवढ्यात ते दिसले. खाणीच्या काठावरून वर येत होते, त्याच दोन ढांगांत. अंगात गंजीफ्रॉक, डोक्याला फडकं. पळत येऊन ते ट्रकच्या आड बसले तेव्हा त्यांनी आम्हांला बघितलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. फक्त त्यांनी हात हलवून आम्हांला खाली बसायला सांगितलं.

पहिला उडाला. जमीन पायाखाली हलली. मग दुसरा आणि तिसरा जवळजवळ जोडीनंच. वरून दगडाची भुकटी पडली. मग शांत झालं.

सर उठू लागले. मी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"अजून एक," मी म्हणाले.

खाणीतली सगळी माणसं जिथं होती तिथं गप्प बसली होती. कोणी खोकलंही नाही. आम्ही सगळे त्या एका आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. मला बाळाप्पाची वाकलेली पाठ दिसू लागली.

"झालं काय?" सरांनी हळूच विचारलं.

"एक उडाला न्हाई. मुका हाय."

"मग आता?"

"आता थांबायचं. जेवणाची वेळ टळेस्तोवर कुणी खाली उतरायचं न्हाई."

"आणि मग?"

मी मालकांकडे बघितलं. सरही तिकडं बघायला लागले, तेव्हा मला वाटलं त्यांना समजलं.

आम्ही ट्रकच्या आड गेलो. मालक चाकाला टेकून बसले होते. सर त्यांच्यासमोर उकिडवे बसले. इस्त्री नसलेल्या पँटला लाल माती लागली.

"दुर्गाप्पा, संघ राहिला," सर म्हणाले. "तुला सांगायला आलो."

मालकांनी मान हलवली.

"काल तू चुकलास असं तुला वाटतं ना?"

"चुकलो की, सर."

"मी काय शिकवलं होतं? शेवटच्या मिनिटाला काय करायचं?"

"धरायचं."

"पुढं असलो तर काय करायचं, ते कधी शिकवलं?"

मालकांनी विचार केला. "न्हाई."

"मलाच वाटलं नव्हतं रे आपण कधी पुढं जाऊ. चूक माझी आहे. चल आता घरी."

"सर, मी त्याच्यासाठी हितं आलो न्हाई."

"मग कशासाठी?"

मालकांनी जमिनीवरचा एक खडा उचलला आणि तळहातावर फिरवला. मी तेव्हा त्यांच्या हाताकडे बघितलं. तो हात अगदी स्थिर होता. सामन्याच्या दिवशी त्या हाताला घाम यायचा, एवढा की मी त्यांच्या खिशात एका रुमालाला जोड म्हणून दुसरा रुमाल घालून द्यायची. मला वाटायचं, उन्हानं येतो.

"तिथं माझे हातपाय गार पडत्यात," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं. हितं सुरुंगाची वात मी कापलेली असती. किती पळायचं, कुठं पळायचं, ते मला ठाऊक असतंय. तिथं चार रेघा. रेघंच्या भाईर पाय पडला की शिट्टी. चौबाजूंनी माणसं. पळायचं कुठं, सर? मी रोज सकाळी बूट घालताना पोटात गोळा घिऊन उठतोय. काल फळीकडं बघितलं तवा वाटलं, आता बास."

मीच विचारलं.

"मग दोन वर्सं कशापायी गेलासा?"

"तू खाणीला भीत होतीस म्हणून," ते म्हणाले.

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं की मला लगेच कळलंच नाही. दोन वर्षं मी गॅलरीत पदर चावत बसले होते ती त्यांना खाणीत जावं लागू नये म्हणून. आणि ज्या जागी जाताना त्यांच्या पोटात गोळा यायचा, तिथं मी त्यांना रोज दोन रुमाल देऊन पाठवत होते. सामना संपल्यावर घरी आले की मी त्यांना विचारायची, हरलात का. दुसरं काही कधी विचारलं नाही.

उन्हं चढली. तिकडून तायप्पा मुकादम आला. मागं दोन ट्रकवाले होते. तायप्पा माझ्या माहेराकडून मामा लागायचा, पण खाणीत तो कुणाचाच मामा नसायचा.

"ऊठ रं," तो म्हणाला. "गाड्या खोळंबल्यात. बघून ये."

"मामा, अजून वेळ झाला न्हाई," मी म्हणाले.

"तू हितं काय करतीस? घरी जा. ऊठ, दुर्गाप्पा."

मालक उठले. पँटचा धुरळा झाडला. मी त्यांच्या मागून गेले आणि दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला घट्ट मिठी घातली. एवढ्या माणसांसमोर मी त्यांना कधी हात लावला नव्हता. माझं डोकं त्यांच्या पाठीच्या निम्म्यात येत होतं. घामाचा आणि दारूगोळ्याचा वास नाकात गेला.

"सोड, तिम्मव्वा," मालक म्हणाले.

"न्हाई सोडत."

"बाई, तमाशा करू नगंस," तायप्पा म्हणाला. "रीत हाय ती. लावणाऱ्यानं बघायचं. तुझा दीर गेला तवा कुणी रडलं व्हय वाटंत?"

सर मध्ये आले. "आज तो जाणार नाही."

"तुमी कोण?"

"मी त्याचा प्रशिक्षक."

"हितं तुमची शिट्टी चालत न्हाई, मास्तर. सरा बाजूला."

सर सरले नाहीत, पण त्यांच्याकडे करण्यासारखं काहीच नव्हतं. ते नुसते उभे होते. मालकांनी माझे हात धरले. मला वाटलं आता ते सोडवणार. त्यांनी धरले तेव्हा त्यांचे हात गार होते. सुरुंगाला न भिणारे हात, आणि गार.

खाणीत एक शब्द कुणी काढायचा नाही अशी चाल आहे. मनात असला तर असो, तोंडानं काढायचा नाही. एकदा कुणी तो मोठ्यानं म्हटला की त्या दिवशी त्या खाणीत कुणीही सुरुंगाच्या दारूला हात लावत नाही, खाली उतरत नाही, पहारी ठेवून सगळे घरी जातात. सगळ्यांचा रोज बुडतो. आणि ज्यानं तो म्हटला त्याच्या हातात पुन्हा कधी कुणी वात देत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी तो खाणीत ऐकला नव्हता. बाळाप्पानंही काढला नाही. मी त्याच्या तोंडावर बघितला होता, पण त्यानं काढला नाही.

मालक तायप्पाकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाले, "मामा, मला भ्या वाटतंय."

तायप्पाचं तोंड उघडंच राहिलं. ट्रकवाल्यांना काही कळलं नाही, पण आमची माणसं उभी राहिली. कोणीतरी पहार टाकली, तिचा आवाज दगडावर खणखणला. मग दुसऱ्यानं टाकली. एक बाई म्हणाली, "आजचा दिस गेला की रं मुडद्या." दुसऱ्यानं मालकांच्या आईवरून शिवी दिली. दुर्गम्मा आत्तीनं लाल फडकं गुंडाळलं आणि काही न बोलता निघून गेली. एकेक करून माणसं आमच्यापासून लांबून गेली, मालकांच्या अंगावरचा वारा लागेल की काय अशी.

तायप्पा शेवटी राहिला. "काय केलंस हे तुला कळतंय?" तो म्हणाला.

"कळतंय."

"आता परत आलास तर खडी फोडायलाबी ठिवणार न्हाई."

"बरं."

तायप्पा ट्रकवाल्यांना समजवायला गेला. तो चौथा सुरुंग आपसूक उडालाच नाही. दुसऱ्या दिवशी लांबून शेजारी नवं भोक पाडून त्यांनी तो उडवला, वात ओली झाली होती असं नंतर कानावर आलं. त्या दिवशी मालक खाली गेले असते तर काही झालंही नसतं कदाचित. मी त्याचा विचार पुष्कळदा केला आहे आणि त्यातून काही निघत नाही.

आम्ही तिघं परत निघालो. सर सायकल हातानं ढकलत होते, मालक त्यांच्या एका बाजूला, मी दोन पावलं मागं. मालकांची पावलं आखूड पडत होती. आता ते भीती लपवतही नव्हते. खाण मागं पडली होती, आणि पुढं जे होतं त्यालाच ते भीत होते. मला ते दिसत होतं, आणि पहिल्यांदा मला त्याचं काय करायचं ते सुचलं. मी पुढं जाऊन त्यांच्या बाजूनं चालू लागले.

"उद्या सकाळी सहाला," सर म्हणाले. "विलास, तू, सगळे. फळीवर आपलाच आकडा मोठा ठेवायचा. आपण पुढं आहोत असं धरून शेवटचं मिनिट खेळायचं. परत परत."

मालकांनी वाटेतला एक खडा पायानं बाजूला केला.

"सर," ते म्हणाले, "पुढं असलं की करायचं काय?"

सरांनी सायकल थांबवली. समोरच्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं ते सांगतील, ते सगळं जाणायचे.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मीही विसरलोय. उद्या बघू."